नमुना क्रमांक

संग्रहात एकेचाळीस भाषा होत्या. पुस्तकं सव्वीस हजार तीनशे नऊ, आणि त्यांतली ज्यांना ध्वनिमुद्रण जोडलेलं आहे अशी सहाशे चौदा. प्रत्येक भाषेचं किमान एक तरी. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर 'पंचेचाळीस भाषांतलं जागतिक साहित्य एका क्लिकवर' असं लिहिलं आहे, पण मी स्वतः मोजल्या. चार भाषा जुन्या आणि नव्या लिपीत म्हणून दोनदा धरल्या होत्या. हे कळवायला गेले तर तक्रारीच्या चौकोनात दोनशेच अक्षरं मावत होती, आणि ती संपायच्या आत 'आपलं सत्र संपलं आहे' अशी पाटी आली. पुन्हा आत शिरायचं तर सभासद क्रमांक, मग परवलीचा शब्द, मग वाकड्यातिकड्या अक्षरांचं ते कोडं, मी यंत्र नसून माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी. दोनदा मला ते सिद्ध करता आलं नाही.

हे सगळं सुरू झालं एका सुपाच्या वाटीवरून. आईला पक्षाघाताचा झटका येऊन सात आठवडे झाले होते. पुनर्वसन केंद्रात खिडकीसमोरच्या खुर्चीत ती बसायची, उजवा हात कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा मांडीवरच्या उशीवर ठेवून, आणि बोलायची. गप्प झाली असती तर कदाचित सोपं गेलं असतं. पण ती भरपूर बोलायची आणि त्यात आमच्या भाषेतला एकही शब्द नसायचा. त्या सोमवारी मी चमचा पुढे केला तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता वाटीकडे बघून एक लांबलचक वाक्य म्हटलं. त्याला चढ होता, उतार होता, मध्ये श्वासापुरती जागा होती आणि शेवटी सूर किंचित वर गेला होता, एखादी अवघड गोष्ट समजावून सांगताना समोरच्याला कळतंय ना हे चाचपून बघावं तसा. सूप निवून गेलं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. गढूळ पाण्यात काय नुसतं तरंगतंय आणि काय जिवंत आहे हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. ते वाक्य ऐकून मला वाटलं, ही भाषा आहे. फक्त आपल्याला येत नाही.

असं वाटायला कारण होतं. आई मध्यवर्ती ग्रंथालयाच्या परभाषा दालनात सव्वीस वर्षं सहायक होती. पुस्तकं काढून देणं, परत आलेली लावणं, फाटलेल्या पानांना पातळ कागद डकवणं. आणि घरी आल्यावर, कांदा चिरता चिरता, त्या दालनातल्या गोष्टी सांगणं. दुसऱ्यांच्या आया ससे आणि कोल्हे सांगायच्या. आमची आई सांगायची ती घर सोडून जाताना दार उचकटून पाठीवर घेऊन गेलेल्या बाईची गोष्ट. बाई जिथं थांबायची तिथं दार उभं करायची आणि कुणी वाजवतंय का याची वाट बघायची. शेवटी काय होतं ते आई दरवेळी सांगायची आणि दरवेळी मला रडू यायचं, पण आता तो शेवट आठवत नाही, फक्त रडू आठवतं आणि ते कांद्याचं असेल असं दादा म्हणतो. दादा माझा मोठा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो आणि मला मोजपट्टी म्हणतो. त्याचं मत पक्कं आहे. "मोजपट्टी, आईला आपली एकच भाषा येत होती, आणि ती शिव्यांसकट पूर्ण येत होती. बाकी सगळं तिनं चित्रं बघून रचलं." मी म्हटलं, त्या पुस्तकांत चित्रं नसतात. तो म्हणाला, "मग चित्रं न बघता रचलं. उलट जास्तच हुशार."

दालन बंद झालं तेव्हा पुस्तकं स्कॅन करायला घेतली आणि नोकरीची शेवटची दोन वर्षं आईनं यंत्राखाली पानं उलटली. माझी शंका तिथंच होती. माणूस सव्वीस वर्षं पुस्तकं हाताळतो, प्रत्येक पान दोन सेकंद तरी बघतो. त्यातलं काहीतरी आत मुरत असेल. झटक्यानं वरचा थर खरवडला गेला असेल आणि खालचा उघडा पडला असेल. हे शास्त्रीय नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

"याला जार्गन म्हणतात," थेरपिस्ट मंगळवारी म्हणाली. ती माझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठी असेल. "बोलण्याचा सूर शिल्लक राहतो, शब्द जातात. ती भाषा नाही."

"पण असली तर?"

"असली तर मला आनंदच आहे." तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "हे बघा, त्यांना ऐकलेलं काही पोचतं याचा मला सात आठवड्यांत एकही पुरावा मिळालेला नाही. हात वर करा, डोळे मिटा, काही नाही. शुक्रवारी बैठक आहे. काहीतरी पोचतं असं मला दाखवता आलं तर मी आणखी तीन महिने मागून घेईन. नाहीतर ही खाट सोडावी लागेल."

"आणि मग?"

"दीर्घ शुश्रूषा. तिथं काळजी चांगली घेतात."

ते मी बघून आले होते. शहराच्या टोकाला, स्वच्छ, वासही नाही. माणसांना वेळेवर भरवतात, वेळेवर कुशीवर वळवतात. तिथं कुणी कुणाला हात वर करा असंसुद्धा म्हणत नाही.

"पुरावा म्हणजे काय लागेल?" मी विचारलं.

"मान वळली, डोळे वळले, काहीही. पण एकदाच नाही. दरवेळी. योगायोग मला मांडता येत नाही. आणि ऐकवायचं ते डाव्या बाजूनं ऐकवा, उजवीकडे वळायला त्यांना फार कष्ट पडतात."

कधी नव्हे ते कुणीतरी मला निकष दिला होता. त्या दुपारी रजा टाकून मी संग्रहात शिरले आणि पुढचे कितीतरी तास चिडतच काढले. अर्धी ध्वनिमुद्रणं 'फक्त ग्रंथालयाच्या आवारात ऐकण्यासाठी', आणि आवारातलं ते दालन तर बंद. काही 'सध्या दुसऱ्या वाचकाकडे', म्हणजे एक फाईल, जिच्या हजार प्रती निघू शकतात, ती कुणीतरी घरी नेली होती आणि मला रांगेत थांबायचं होतं. शोधायचं तर शब्द टंकायचा त्या त्या लिपीत, आणि माझ्याकडे लिपी नव्हती, फक्त आईचा सूर होता. मी चाचपडत फिरत राहिले. कुठलंही पान उघडावं तर ओळी मुंग्यांसारख्या, कुठं वरून खाली, कुठं उजवीकडून, कुठं एकमेकींत हात अडकवून चाललेल्या. त्याखाली यंत्रानं केलेला आमच्या भाषेतला सारांश. 'ही बर्फाळ गावातल्या टपालवाल्याची कादंबरी असून टपाल दुःखी आहे.' 'या काव्यात कवी समुद्राला कर्ज मागतो.' एका नाटकाबद्दल नुसतंच 'दोन भाऊ. एक घोडा. पाऊस नाही.' मी त्या टपालापाशी बराच वेळ थांबले. कुणीतरी कुठंतरी आयुष्यातली पाच वर्षं घालून ते लिहिलं असणार, कुणीतरी ते छातीशी धरून फिरलं असणार, आणि माझ्यापर्यंत आलं ते एवढंच. सव्वीस हजार बंद खिडक्या, प्रत्येकीत दिवा लागलेला, आणि मी रस्त्यावरून बघत चाललेली. मग एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात मला बोट दिसलं. रबरी टोपी घातलेलं, पान दाबून धरणारं. अशी पानं तपासनीस बाद करतात, पण काही निसटलेली असतात. मी मोठं करून बघितलं. टोपी संपते तिथं, पेरावर, आईचा तो जुना चट्टा होता, इस्त्रीचा. त्यानंतर मी पुस्तकं शोधत होते की बोट, हे मला नीट सांगता येणार नाही.

प्रत्येक भाषेतला एक उतारा निवडला. प्रत्येकाचा तीस सेकंदांचा तुकडा, त्याआधी वाजणारी ग्रंथालयाची धून कापून. मांडणी अशी : आई खुर्चीत, तोंड खिडकीकडे. स्पीकर तिच्या डाव्या हाताला, टेबलावर. मी उजव्या हाताला भिंतीपाशी, म्हणजे तिच्या नजरेच्या वाटेत नाही. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, पाण्याच्या बाटलीला टेकवून, चित्रीकरण सुरू. नियम आधीच लिहून ठेवला : तीस सेकंदांत मान स्पीकरकडे वळली तर एक, नाहीतर शून्य. प्रत्येक तुकड्याआधी मी मोठ्यानं म्हणणार, "नमुना क्रमांक एक," "नमुना क्रमांक दोन." ही आमच्या प्रयोगशाळेची शिस्त. बाटली यंत्रात ठेवण्याआधी क्रमांक तोंडानं म्हणायचा, म्हणजे नोंदी सरमिसळ होत नाहीत. मला पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट. आता मी घरी दुधाची पिशवी फोडतानासुद्धा काहीतरी पुटपुटते असं दादाची बायको म्हणते.

बुधवारी भेटीच्या वेळेत एकवीस भाषा झाल्या. सोळाव्याला घोटाळा झाला. पडद्यापलीकडच्या सोळा नंबरच्या खाटेवरच्या आजींनी आपला नंबर ऐकला, सपाता चढवल्या आणि काठी घेऊन व्यायामाला निघाल्या. सेविका धावत आली. "ताई, ते परदेशी काय लावायचं ते लावा. पण तुम्ही नंबर पुकारू नका बाई. इथं नंबर ऐकला की माणसं उठतात." म्हणून पुढचे पाच क्रमांक मी कागदावर लिहून नुसते फोनसमोर धरले. आजी पडद्याच्या फटीतून बघत होत्या. "काय चाललंय हो पोरीचं?" त्यांनी सेविकेला विचारलं. सेविका म्हणाली, "आईला भाषा शिकवतेय." आजी म्हणाल्या, "आता?"

आईनं त्या दिवशी खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघून बरंच काही सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. खरं तर मी तिच्याशी बोलणं केव्हाच सोडलं होतं. पहिल्या आठवड्यात बोलायचे, मग प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे, मग प्रश्नही आखडले. पाणी? दुखतंय? हो की नाही? उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलताना आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायला लागतो आणि तो खोटा वाटतो. दादाचं बरं आहे, तो आला की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे किस्से खोलीभर सांगतो, कुणी ऐको न ऐको. मी तिच्या नखांना क्रीम लावायचे आणि घड्याळ बघायचे.

गुरुवारी आजी खरंच व्यायामाला गेलेल्या होत्या, तेव्हा पुन्हा तोंडानं क्रमांक. तेविसाव्या नमुन्यासाठी मी आदल्या दिवसापासून जीव धरून होते. कारण संग्रहात एका पातळ पुस्तकाखाली सारांश होता : 'ही एका स्त्रीची व तिच्या दाराची कथा आहे. दार जड आहे.' तीच गोष्ट. आईनं ती रचलेली नव्हती. कुठल्याशा थंड किनाऱ्यावरची भाषा, बोलणारे थोडेच, आणि वाचणारी बाई म्हातारी असावी, शब्दांच्या मध्ये तिचा श्वास वाजत होता. "नमुना क्रमांक तेवीस," मी म्हटलं तेव्हा माझाच आवाज चिरकला. तीस सेकंद. तुकडा संपल्यावर मी मूळ ध्वनिमुद्रणच लावलं, सबंध गोष्ट, अकरा मिनिटं. शेवट आला असणार, कारण वाचणारीचा आवाज एकदम खाली गेला. आई टाकीकडे बघत होती. टाकीवर कावळा बसला होता तो उडाला, तेव्हा तिनं डोळे मिचकावले.

उरलेल्या अठरा भाषा मी रागानंच उरकल्या. बाहेर पडून बसथांब्यावरून मी जुन्या ग्रंथपालकाकांना फोन लावला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली आहेत आणि ते फोनवर सभागृहात बोलल्यासारखं बोलतात. मी विचारलं, आईला त्यांतली कुठली भाषा वाचता यायची?

"वाचता? छे गं. पुस्तक उलटं दिलं असतं तरी तिला कळलं नसतं. पाठीवरच्या चिकटपट्टीचे रंग बघून लावायची ती."

"पण तिला गोष्टी माहीत होत्या. मला आज एक सापडली."

"त्या होत्याच माहीत. सगळ्या. पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला ती सोडायची नाही ना. काय झालं शेवटी, म्हणायची. खलाशी यायचे, विद्यार्थी, परिचारिका, वकिलातीतले कारकून. बिचारे हातवारे करून, मोडकंतोडकं बोलून सांगायचे. एकदा एका आडदांड बाप्यानं टेबलाखाली शिरून दाखवलं होतं. मागं ही रांग. मी तिला दोनदा लेखी समज दिली आहे."

"म्हणजे तिनं एकही पुस्तक वाचलेलं नाही."

"एकही नाही. तुला काय हवं होतं, बाळ?"

मी म्हटलं, काही नाही. बस आली आणि मी ती सोडली. मला राग आला होता तो नेमका कशाचा हे ठरवता येत नव्हतं. काकांचा, कारण हे त्यांनी मला मंगळवारी सांगायला हवं होतं; माझा, कारण मी मंगळवारी विचारलं नव्हतं; आईचा, कारण तिनं जगातलं सगळं साहित्य टेबलावर कोपर टेकून फुकटात ऐकलं आणि आम्हाला वाटू दिलं की तिनं ते वाचलं. खालचा थर नव्हताच. तळाशी मुरलेलं काही असतं तर ते आवाज होते, अनोळखी माणसांचे, आणि त्या माणसांचा संग्रह कुणी केलेला नाही.

तरी गुण द्यायचे राहिले होते. प्रयोग चुकला म्हणून नोंद टाळायची नसते. दादाच्या स्वयंपाकघरात बसून मी एकेक चित्रफीत कापत गेले. सुरुवातीचा, क्रमांक पुकारण्याचा भाग काढून टाकायचा, कारण तो नुसतं लेबल. मग तीस सेकंद बघायचे. शून्य. शून्य. शून्य. दादा मागं उभा राहून केळं खात बघत होता.

"ही वळतेय की."

"उलटी वळतेय. उजवीकडून मध्ये येतेय. स्पीकरकडे वळली तरच मोजायचं."

"का?"

"कारण नियम तसा लिहिलाय."

"मग नियमाला सांग," दादा म्हणाला, "आई कुणाचं ऐकत नाही." आणि साल कचऱ्यात टाकायला गेला. मलाही ते खुपलं होतं. कित्येक तुकड्यांच्या सुरुवातीला तिची मान उजवीकडे असायची आणि परकी भाषा सुरू झाली की सावकाश मध्ये यायची, टाकीवर स्थिरावायची. मी शेऱ्यात लिहिलं, 'सुरुवातीची स्थिती अनियमित.' एकेचाळिसाव्यालाही शून्य देऊन वही मिटली. उद्या दोन वाजता बैठक.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत नेहमीसारखंच होतं. नव्या मुलीनं गढूळपणाच्या यंत्रात सरळ नदीच्या पाण्याची बाटली ठेवली आणि मी तिच्यावर खेकसले, "कोरा नमुना कुठाय? आधी शुद्ध पाणी लाव. ज्यात काही नाही त्याचा आकडा माहीत नसेल तर ज्यात आहे त्याचा काय उपयोग?" ती कानकोंडी झाली. मी माझ्या टेबलाशी परत आले आणि मग उभीच राहिले. मी कोरा नमुना लावलाच नव्हता. एकेचाळीस भाषा ऐकवल्या आणि काहीच ऐकवलं नाही तर आई काय करते हे एकदाही बघितलं नाही. माझ्या नियमाला पायाच नव्हता. हे बैठकीत कुणी विचारणार नव्हतं, मलाच ते सहन होईना. आता नव्यानं चित्रीकरण करायला वेळ नव्हता. भाषा वाजत नाही आणि फोन चालू आहे असा वेळ माझ्याकडे एकच होता : मी कापून टाकलेला, प्रत्येक तुकड्याआधीचा, लेबलाचा. मूळ फिती फोनमध्ये तशाच होत्या. कोरा नमुना म्हणून त्याच घ्यायच्या.

मी बाटल्या धुवायच्या सिंकशेजारच्या स्टुलावर बसले. पहिली फीत. आई टाकीकडे बघतेय. माझा आवाज, फोनमधून ऐकताना वाटतो तसा कोरडा, भिंतीपासून आलेला : "नमुना क्रमांक एक." मी फीत थांबवली. मागं नेली. पुन्हा लावली. मग दुसरी लावली. मागं नव्या मुलीनं काहीतरी विचारलं, मी हात वर करून तिला थांबवलं. दुसरीनंतर मी नियम आधी लिहून काढला, कारण नियम आधीच लिहायचा असतो : लेबलाच्या सहा सेकंदांत मान कोणत्या बाजूला, किती वेळा. क्रमांक तोंडानं म्हटलेले आणि कागदावर धरलेले वेगळे मांडायचे. मग दोन्ही मिळून एकेचाळीस फिती सुरुवातीपासून बघितल्या, चष्मा पुसायला दोनदा थांबून, आणि थेरपिस्टला पाठवण्यासाठी निकाल एका ओळीखाली एक असा लिहिला.

परभाषा, ध्वनिमुद्रित, डावीकडून : एकेचाळीस वेळा. मान वळली : शून्य.

कोरा नमुना, क्रमांक कागदावर दाखवून : पाच वेळा. मान वळली : शून्य.

कोरा नमुना, क्रमांक मुलीच्या आवाजात, उजवीकडून : छत्तीस वेळा. मान वळली, उजवीकडे : चौतीस.